कॅम्प दापोलीचे टपाल : ओटीखालून खिडकीपर्यंत

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आणि दापोलीजवळचे वणंद हे माता रमाईंचे जन्मगाव. या दोन्ही ठिकाणी अभिवादन करून परतणारे आपले बांधव दापोलीच्या बाजारात चहापाण्याला थांबतात. आम्हीही थांबलो. पण आमचे पाय तिथल्या पोस्टाकडे वळले. कारण तसेच होते. आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत जुनी पोस्टकार्डे सापडली होती. प्रत्येक कार्डावर दोन शिक्के. एक मुंबईचा, दुसरा दापोलीचा. एवढीच आमच्या घराण्याची कागदपत्रे! ना सातबारा, ना सनद. म्हणून म्हटले, ज्या पोस्टाने आपला इतिहास वाहिला ते पोस्ट एकदा डोळे भरून पाहावे.

दापोलीला जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कोकण इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी इथल्या थंड पठारावर लष्कराची छावणी वसवली. पुढे छावणी उठली, पण नाव राहिले आणि पेन्शनर राहिले. या पेन्शनरांत मोठी संख्या आपल्या महार शिपायांची, नाईक-हवालदारांची होती.

फुकटचे टपालवाले

टपालाशी आपला संबंध पोस्ट खाते निघण्याच्याही आधीचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गावकीच्या कामांत महाराने काय काय करायचे? सरकारी कागद दुसऱ्या गावी पोचवायचा, साऱ्याच्या रकमेबरोबर तालुक्याला चालत जायचे, कुणी मयत झाले की पै-पाहुण्यांना सांगावा द्यायचा. ऊन असो की पाऊस, हाक आली की निघायचे. मजुरी नाही. मिळायचे ते बलुते, तेही लोकांच्या मर्जीवर. म्हणजे निरोप आपल्या पायांनी जात होता, पण तो कागद वाचण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही वेठ मोडण्यासाठीच.

इंग्रजी अमदानीत टपालाचे नियम बदलले. १८५४ मध्ये देशभर एकच दर झाला. पत्र जवळ जावो की लांब, अर्ध्या आण्याचे तिकीट पुरे. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. १८८० मध्ये मनिऑर्डरचे काम पोस्टाकडे आले आणि १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक सुरू झाली. तिकिटाला जात नसते. पाव आण्यात ब्राह्मणाचे पत्र जाई आणि पाव आण्यातच महाराचेही जाई. निदान कायद्याने तरी तसे होते.

पेन्शनरांचे अर्ज

ही समानता सर्वांत आधी ओळखली ती दापोलीच्या पेन्शनरांनी. पलटणीच्या शाळेत त्यांना अक्षरओळख झाली होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीत राहू लागले. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेखन केले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कुठे आहे, असे प्रश्न त्यांनी धर्ममार्तंडांना विचारले. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज लिहिला तोही त्यांनीच. त्यांच्या हाती तलवार नव्हती, बोरू होता.

१८९२ चा अर्ज तर प्रत्येक बौद्ध घरात सांगितला गेला पाहिजे. दापोलीच्या महार पेन्शनरांनी सरकारकडे मागणी केली, की आमच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्या. शाळा सार्वजनिक पैशाची होती. तरी सवर्णांनी विरोध केला. सरकारी कागदपत्रांची ये-जा झाली आणि अखेर तोड निघाली ती अशी, की मुलांनी बसावे, पण वर्गात नव्हे, व्हरांड्यात! ज्यांच्या बापांनी राज्यासाठी बंदूक धरली त्यांच्या लेकरांना उंबरठ्याच्या आत जागा नव्हती.

त्याच दापोलीत सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ राहिले. नंतर ते सातारा भागात नोकरीला गेले. तिथली १९०१ मधली गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून मुले वडिलांकडे गोरेगावला निघाली. येत असल्याचे पत्र आधी पाठवले होते. पण ज्या शिपायाच्या हाती ते पडले त्याने ते सुभेदारांना दिलेच नाही. मसूर स्टेशनवर मुलांना न्यायला कुणी आले नाही. जात कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांना स्वतः बैलगाडी हाकावी लागली. वाटेत पाणीसुद्धा मिळाले नाही. एक पत्र पोचले नाही तर आपल्या माणसांवर काय गुदरत होते, ते यावरून समजावे.

मुंबईची मनिऑर्डर

कोकणात जमीन खोताची आणि राबणूक कुळाची. पिकले त्यातले बरेचसे खोताच्या घरी जाई. (ही खोती मोडण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मांडले.) म्हणून आपली माणसे मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, रेल्वेत लागली. गिरणीतही विणखात्याचा जास्त पगार आपल्याला बंद होता, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो ‘बाटे’. उरलेल्या कमाईतून पोट मारून गावाला मनिऑर्डर जाई. हर्णै बंदरावर आगबोट लागे, तीतून माणसे उतरत आणि टपालाच्या थैल्याही. त्या थैलीत कुणाची बी-बियाण्याची सोय असे, तर कुणाच्या मुलाची पाटी.

आमच्या गावचे शाखा पोस्ट एका घराच्या ओटीवर होते. गावाचे नाव सांगून कुणाला दुखवावे असा आमचा हेतू नाही. खाते सरकारचे, पण ओटी त्यांची. आमची आजी अंगणात उन्हात उभी राही. फॉर्म वरून खाली टाकला जाई. तिने अंगठा उमटवावा आणि नोटा तशाच वरून पडाव्यात. अंगठ्याला साक्षीदार लागे. साक्षीदार म्हणजे लिहिता येणारा, म्हणजे वरच्या आळीतला. त्याची सवड होईपर्यंत थांबायचे आणि नंतर त्याच्या घरचे एखादे काम करून द्यायचे.

१९५६ ला धम्मदीक्षा झाली. आमचे वडील तेव्हा लहान होते. पुढे ते चौथीत गेले तेव्हा त्यांनी आजीला चुलीपुढे कोळशाने फरशीवर नाव गिरवायला शिकवले. पावसाळाभर गिरवणे चालले. पुढची मनिऑर्डर आली तेव्हा साक्षीदार शोधावा लागला नाही. ओटीवर चढून आजीने सही केली. पोस्टमास्तर काही बोलले नाहीत. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, “आज माजं नाव मीच लिवलं.” आमच्या घरातला पहिला सत्याग्रह तो.

आता काय करायचे?

१९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. त्यामुळे पोस्टाच्या खिडकीआड आपली मुलेही बसू लागली. १४ एप्रिल १९६६ ला खुद्द बाबासाहेबांचे टपाल तिकीट निघाले. ज्यांच्या पत्राला हात लावायला लोक कचरत, त्यांची मुद्रा देशभरच्या पत्रांवर आली.

आज काळ पालटला. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली. कागदी मनिऑर्डर गेली. २०२५ मध्ये रजिस्टर पत्रही स्पीड पोस्टात विलीन झाले. पैसे मोबाईलवरून जातात, त्याबद्दल आमची तक्रार नाही. चिंता वेगळीच आहे. घर रंगवताना, खोली बदलताना आपण जुनी पेटी भंगारात देतो आणि तिच्यातली कार्डे, पासबुके, पेन्शनची कागदे रद्दीत जातात. वलंगकरांचे अर्ज कागदावर राहिले, म्हणून व्हरांड्यातली मुले आज आपल्याला कळतात. कागद गेला की साक्ष गेली.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी विहारात जाताना घरातले एक जुने कार्ड बरोबर न्या. मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. ते कुणी लिहिले, कुणी वाचून दाखवले, पैसे कशासाठी आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरवा. मूळ कार्ड जपून ठेवा.

आजीचे सहीचे कार्ड आम्ही चौकटीत बसवून भिंतीवर लावले आहे. अक्षर वाकडे आहे. पण ते तिचे आहे.

जयभीम!