एका सहायक फौजदाराचे ऋण

देवनारच्या परिसरात पहाटे फिरावयास निघणाऱ्या माणसास एक दृश्य हमखास दिसते. अजून दिवे विझलेले नसतात, आणि मोकळ्या जागेच्या कडेने दहा-वीस मुले-मुली धावत असतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्यभरतीची. त्यांतील काहीजण पुढे दिवसा प्रस्तुत लेखकाच्या वर्गात अर्थशास्त्र ऐकावयास बसतात आणि पहाटेच्या श्रमांमुळे अधूनमधून पेंगतातही. त्यांच्यावर रागावण्याचे धैर्य होत नाही.

अशाच एका तासाला ‘सार्वजनिक वस्तू’ ही संकल्पना शिकविणे चालले होते. संरक्षण व कायदा-सुव्यवस्था ही तिची क्रमिक पुस्तकांतील ठरावीक उदाहरणे. एकाने उपभोग घेतला म्हणून दुसऱ्याचा वाटा घटत नाही, आणि ज्याने मोल दिले नाही त्यालाही वगळता येत नाही. एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘मग या वस्तूचे मोल देतो कोण?’’ ‘‘करदाता,’’ हे पुस्तकी उत्तर लेखकाने दिले. ते चुकीचे नव्हते. परंतु अपुरे होते. ते पुरे करावयाचे तर तुकाराम गोपाळ ओंबळे या माणसाचे आयुष्य आठवावे लागते.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे या गावचे. डोंगरउताराची शेती, बेभरवशाची पिके आणि घरात खाणारी तोंडे अधिक, हे त्या भागाचे जुने अर्थशास्त्र. जावळी-पाटणचा माणूस त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आला. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी बाजारात माथाडी झाला, कोणी पलटणीत भरती झाला. सातारा जिल्ह्याची सैनिकी परंपरा तर सर्वश्रुतच आहे. याच जिल्ह्यातील एका गावाचे नाव ‘आपशिंगे मिलिटरी’ असे पडले आहे. या परंपरेचे पोवाडे आपण पुष्कळ गातो. परंतु तिच्यामागे दर महिन्याला गावी येणाऱ्या मनीऑर्डरीचाही वाटा होता, हे सांगण्यात कोणाच्या शौर्याचा अवमान होत नाही.

ओंबळे भारतीय सैन्याच्या सिग्नल दलात होते. तेथून ते नाईक या हुद्द्यावर निवृत्त झाले आणि 1991 मध्ये मुंबई पोलीस दलात दाखल झाले. सैन्यातील सामान्य जवान ऐन उमेदीत निवृत्त होतो. इतर नोकरदारांची ज्या वयात बढती होते, त्या वयात त्याचा निरोपसमारंभ झालेला असतो. मुले शाळेत असतात, गावचे घर अर्धे बांधून झालेले असते आणि निवृत्तिवेतन बेताचे असते. म्हणून तो दुसरी नोकरी शोधतो. बहुतेकांच्या वाट्यास एखाद्या बँकेच्या वा कारखान्याच्या दारावरचे पहारेकऱ्याचे काम येते. ज्या मनुष्याला घडविण्यासाठी देशाने वर्षानुवर्षे खर्च केला, त्या मानवी भांडवलाचा हा किती कृश वापर! ओंबळे यांनी वर्दी उतरविली ती दुसरी वर्दी चढविण्यासाठी. त्यानंतरची सतरा वर्षे ते पोलीस दलात होते आणि सहायक उपनिरीक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातील सहायक फौजदार, या पदापर्यंत पोहोचले होते.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र सर्वांच्या स्मरणात आहे. दहा हल्लेखोर समुद्रमार्गे मुंबईत उतरले होते. त्यांतील अजमल कसाब व अबू इस्माईल हे दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात आणि कामा रुग्णालयाच्या परिसरात रक्तपात करून, हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर या अधिकाऱ्यांचे बळी घेऊन, हिसकावलेल्या मोटारीतून मरीन ड्राइव्हने निघाले. मध्यरात्र उलटल्यावर गिरगाव चौपाटीपाशी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्याच्या नाकाबंदीने त्यांना अडविले. मोटार वळविण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकावर आदळली. चकमकीत इस्माईल ठार झाला. दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेल्या कसाबच्या हाती एके-47 रायफल होती, आणि त्याच्यावर झेपावलेल्या ओंबळे यांच्याजवळ होती केवळ लाठी. त्यांनी रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगात शिरत असताही ती सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडले.

166 जणांचे प्राण घेणाऱ्या त्या हल्ल्यातील दहापैकी जिवंत हाती लागलेला हा एकच. तो सापडला नसता तर हल्ल्याच्या कटाविषयी अफवांचे केवढे पीक आले असते, याची कल्पना करावी. त्याऐवजी साक्षीपुरावे झाले, आरोपीस वकील मिळाला, विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्यांनी खटला चालला. 29 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला येरवड्यात ती अमलात आली. सूडाऐवजी न्याय करता आला, याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत पहिल्या पंगतीत हा सहायक फौजदार आहे.

देशाने त्यांचा गौरव केला. 26 जानेवारी 2009 रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा राहिला. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीस संशोधकांनी 2021 मध्ये ‘तुकारामी’ हे नाव दिले. हे सारे उचितच झाले. परंतु पुतळ्याला हार घातला म्हणजे हिशेब मिटला, असे मानण्याची आपली सवय घातक आहे.

लाठीनिशी एके-47 ला भिडणे हे ओंबळे यांचे असामान्य शौर्य होते. त्यांच्या हाती केवळ लाठी असणे हे मात्र व्यवस्थेचे अपयश होते. या दोन गोष्टींची गल्लत करता कामा नये. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही पोलिसांची शस्त्रे व गोळीबाराचा सराव यांतील उणिवांवर बोट ठेवले होते. शौर्याची स्तुती करणे स्वस्त असते. सरावासाठी काडतुसे, राहण्यास धड घर आणि झोपेस पुरेसा वेळ देणे महाग पडते. अंदाजपत्रकाच्या वेळी आपण बहुधा स्वस्त तेच निवडतो.

देवनार म्हटले की लोकांस कत्तलखाना आणि कचऱ्याचे डोंगर आठवतात. परंतु मुंबईत पोलिसांना आठ तासांची पाळी देण्याचा प्रयोग प्रथम झाला तो 2016 च्या मे महिन्यात याच देवनार पोलीस ठाण्यात, आणि ती कल्पना मांडली होती ठाण्यातीलच एका शिपायाने. तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती उचलून धरली आणि पुढे ती शहरातील इतर ठाण्यांतही नेण्यात आली. कारखान्यातील कामगाराने आठ तासांचा दिवस केव्हाच मिळविला होता. शिपायाला तो प्रयोग म्हणून मिळण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. तो टिकवावयाचा तर रिकाम्या जागा भराव्या लागतात, हे साधे गणित आहे.

2022 पासून अग्निपथ योजनेखाली तरुणांची सैन्यात चार वर्षांसाठी भरती होते. त्यांतील कमाल पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करण्याची तरतूद आहे. उरलेले पंचविशीच्या आतबाहेर घरी परततील, आणि तेही निवृत्तिवेतनावाचून. म्हणजे ओंबळे यांच्यापुढे जो दुसऱ्या नोकरीचा प्रश्न होता, तो आता कोवळ्या वयात फार मोठ्या संख्येपुढे उभा राहणार. या मुलांना पोलीस दलात, गृहरक्षक दलात, आपत्ती निवारणाच्या कामात सन्मानाने सामावून घेण्याची तयारी आजच करावी लागेल. अन्यथा शिकविलेल्या शिस्तीला दारावरच्या स्टुलाखेरीज जागा उरणार नाही.

वर्गातील त्या विद्यार्थ्यास आता पुरे उत्तर देता येईल. सार्वजनिक वस्तूचे मोल करदाता देतो, आणि उरलेले, कधी कधी सारेच, केडंब्यासारख्या गावातून आलेले एखादे कुटुंब देते. त्याची परतफेड होऊ शकत नाही; पण उधारी वाढू न देणे तरी आपल्या हाती आहे. येत्या 26 नोव्हेंबरला चौपाटीवर जाणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी आपल्या भागातील नाक्यावर रात्री उभ्या असलेल्या शिपायास एवढेच विचारावे की, तो केव्हापासून उभा आहे. जे उत्तर मिळेल ते आपल्या आमदारास लिहून कळवावे.