इंटरनेट बंद? आधी केबल तपासा

घरातील इंटरनेट बंद पडले, की पहिला राग सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर निघतो. प्रत्यक्षात बिघाड अनेकदा संगणक आणि राउटर यांच्यामधील दोन-तीन मीटर केबलमध्ये किंवा संगणकातील नेटवर्क कार्डात दडलेला असतो. तंत्रज्ञाची वाट पाहण्यात दिवस घालविण्यापूर्वी तो घरच्या घरी शोधता येतो.

सुरुवात केबल जेथे जोडली जाते, तेथील छोट्या दिव्यापासून करावी. दिवा विझलेला असल्यास केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. तरीही उजेड पडला नाही, तर व्यवस्थित चालणाऱ्या संगणकाची केबल उसनी घ्यावी; याहून स्वस्त चाचणी नाही. त्या केबलनेही दिवा लागला नाही, तर संशय कार्डावर जातो. मात्र ते चुकून ‘डिसेबल’ झालेले नाही ना, हे ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पाहून घ्यावे.

खरी फसगत होते ती अर्धवट बिघाडात. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगाला त्यांतील दोनच जोड्या पुरतात; गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार दाराखाली चेपून तुटली, तर अनेक कार्डे गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतात. दिवा लागतो, संकेतस्थळे उघडतात आणि ३०० मेगाबिटचे पैसे मोजणारा ग्राहक कंपनीशी भांडत बसतो! नेटवर्कच्या माहितीत वेग १०० दिसत असेल आणि राउटर व कार्ड दोन्ही गिगाबिटचे असतील, तर आधी केबल बदलावी.

‘१२७.०.०.१ला पिंग करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कार्डाची परीक्षा होत नाही. हा संदेश संगणकाबाहेर पडतच नाही, त्यामुळे कार्ड निकामी असले तरी उत्तर येते. त्याऐवजी राउटरच्या पत्त्याला सलग पिंग करावे आणि त्याच वेळी केबलचे टोक हलकेच हलवावे. उत्तरे तुटू लागली, तर दोष कनेक्टरमध्ये किंवा पोर्टमध्ये आहे. या वेळी वाय-फाय बंद ठेवण्यास विसरू नये. अन्यथा उत्तरे त्या वाटेने येत राहतील. संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, एवढेच सिद्ध होते. त्यावरून कार्ड दोषी ठरवणे घाईचे होईल.

कार्ड खरोखरच गेले असेल, तरी मदरबोर्ड बदलण्याची गरज नसते. यूएसबीला जोडायच्या नेटवर्क अॅडॅप्टरवर काम भागते.