फायटरला डबकं पुरतं?

कळंबसारख्या गावात भाताचं खाचर म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच फायटर माशाबद्दल दुकानात हमखास ऐकू येणारा युक्तिवाद कर्जत तालुक्यातल्या वाचकाने तरी मान्य करू नये. दुकानदार प्लास्टिकच्या पेल्यातला निळा-लाल मासा हातात देतो आणि सांगतो, हा मूळचा थायलंडच्या भातशेतातला, डबक्यात राहणारा, काचेच्या वाडग्यात आरामात राहील. तो भातशेतातला आहे हे खरं. थायलंडने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मानही दिला. पण खाचरातलं पाणी उथळ असलं तरी थोडं नसतं. ते एका खाचरातून दुसऱ्यात उतरत राहतं, वरून पाऊस पडतो, खालच्या चिखलातले जिवाणू आणि भाताची रोपं त्यातली घाण वापरून टाकतात. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून चढतात ते अशाच वाहत्या पाण्याच्या वाटेने. वाडग्यात यातलं काहीच नसतं, फक्त उथळपणा तेवढा असतो.

फायटर तरीही वाडग्यात जगतो, आणि खरी फसगत तिथेच होते. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्या असलेला एक खास अवयव असतो. मासा पृष्ठभागावर येतो, तोंड उघडून हवेचा घोट घेतो आणि त्या अवयवातून प्राणवायू रक्तात घेतो. त्यामुळे प्राणवायू संपलेल्या पाण्यात दुसरा मासा तडफडेल, हा शांत दिसतो. पण हवा घेता आली म्हणून विष टळत नाही. माशाच्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतूनच पाण्यात उतरतो, उरलेलं अन्न कुजून त्यात भर पडते, आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. स्पंज फिल्टरवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यांचा जम बसायला काही आठवडे लागतात, म्हणून टाकी आधी सुरू करावी आणि मासा नंतर आणावा. पंधरा-वीस लिटरची टाकी, मंद चालणारा फिल्टर आणि आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणं एवढ्याने भागतं. स्पंज मात्र नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टाकलेल्या टीसीएल पावडरमधला क्लोरीन ते जिवाणूही मारतो. नवं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवलं की हा क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब आहेतच.

दुकानात तो पेल्यातच तर असतो, असं कुणी म्हणेल. असतो, पण विकला जाईपर्यंत. पंख मिटून तळाशी पडून राहणारा फायटर स्वभावाने आळशी नसतो, बहुधा थंडीने किंवा घाण पाण्याने हैराण झालेला असतो. विजेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. वीज दोन-चार तास गेली तर हवा घेणाऱ्या या माशाला फिल्टर बंद पडल्याने फारसं बिघडत नाही. प्रश्न तापमानाचा आहे. त्याला 24 ते 28 अंश मानवतं आणि डोंगराच्या पायथ्याला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तेवढी ऊब नसते. वाडगाभर पाणी खोलीबरोबर झपाट्याने गार होतं, वीस लिटर सावकाश. छोटा हीटर आणि झाकण असलं म्हणजे झालं. झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो, पण झाकण आणि पाणी यांच्यामध्ये श्वासापुरती हवा राहू द्यावी. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत, हे नावातच आलं.

खाणं थोडं, दिवसाला तीन-चार दाणे. डासांच्या अळ्या त्याला प्रिय, पण त्या गटारातल्या नकोत. अळ्या खातो म्हणून त्याला विहिरीत सोडण्याचा मोह आवरावा. त्या कामासाठी आरोग्य विभाग गप्पी मासे वापरतो, आणि खरं तर तेही दक्षिण अमेरिकेतून आलेले पाहुणेच आहेत.