मोठी पेढी कीं लहान ?

गेल्या वैशाखांत घनसावंगीहून आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आले होते. त्यांचा मुलगा सनदी लेखापालाच्या मधल्या परीक्षेचे दोन्ही गट उतरला होता आणि आतां उमेदवारी कोठें करावी, याचा घरांत वाद पडला होता. थोरल्या काकांचा आग्रह मुंबईच्या एखाद्या जगद्विख्यात पेढीचा. वडिलांचें मत, जालन्यासच ओळखीच्या लेखापालांच्या हाताखालीं बसावें. मुलाच्या आईस कोणीं विचारलेंच नव्हतें. मुंबईस खोलीचें भाडें काय पडेल, हा सर्वांत व्यवहारी प्रश्न मात्र तिनेंच काढला, असें आम्हांस मागाहून कळलें.

त्या तालुक्यास हिशेबाचें वावडें नाहीं. तेथलें जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम. त्यांचें घराणें कुळकर्णाचें, आणि दासबोधांत लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समासच आहे. पूर्वीं कुळकर्ण्याचा मुलगा बापाशेजारीं बसून जमाखर्च शिके. १९४९ च्या कायद्यानें सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली, तरी हाताखालीं बसून शिकण्याची ही चाल तिनें सोडली नाहीं. फक्त तीन वर्षांची उमेदवारी २०२३ च्या नव्या योजनेनें दोन वर्षांवर आली. जागा चुकली तर सावरण्यास आतां अवधि थोडा, आणि गुरु बदलणें हेंही नियमांनीं जखडलेलें.

मोठ्या पेढींत शिस्त मिळते. प्रत्येक तपासणीचा कागद लिहावयाचा, तो वरच्यानें पाहावयाचा, त्यावरील शंकांस उत्तर द्यावयाचें. मोठ्या कंपन्यांचे हिशेब, इंग्रजीचा सराव, आणि पुढें नोकरीच्या अर्जावर वजनदार नांव. पण एकाच कंपनीच्या एकाच बाबीवर, मालाच्या साठ्यावर म्हणा, महिनेच्या महिने जातात. मुलगा त्या बाबींत तरबेज होतो. संपूर्ण ताळेबंद उभा कसा राहतो, हें त्यास पुस्तकांतच पाहावें लागतें.

जालन्यांतील लहान कचेरींत याच्या उलट. सकाळीं बियाण्यांच्या व्यापाऱ्याची वस्तु व सेवा कराची पत्रकें, दुपारीं पोलादाच्या कारखान्याचा साठा, संध्याकाळीं पतसंस्थेच्या थकबाकीची यादी. मालक समोरच बसलेला; त्यास अडचणीचा प्रश्न विचारण्याचें धैर्य येथें येतें, आणि आमच्या मतें तेंच या धंद्याचें मर्म आहे. मात्र कांहीं ठिकाणीं वर्षभर पत्रकें भरण्यापलीकडे कांहीं शिकवीत नाहींत. शिवाय कचेरी एकट्याची असेल, आणि तो आजारी पडला, तर उमेदवार उघडा पडतो.

नांवाच्या भरंवशाचें काय सांगावें ! आर्थर अँडरसन ही जगांतील पांच बड्या पेढ्यांपैकीं एक. एन्रॉनच्या प्रकरणांत ती २००२ सालीं बुडाली, तेव्हां जगभर तिचे सुमारें ८५ हजार नोकर होते.

आम्हीं त्या गृहस्थांस स्पष्टच सांगितलें कीं, दाराबाहेरील पाटी किती लांब, हें पाहूं नका. मुलाचा कागद कोण तपासणार, तें विचारा. चार-पांच भागीदारांची, निरनिराळ्या धंद्यांचें काम असणारी पेढी पहिल्या दोन वर्षांस उत्तम. परीक्षा उतरल्यावर बड्या पेढींत खुशाल जावें. त्या वेळीं पगार असतो, उमेदवाराचें विद्यावेतन नव्हे. पण बड्या कंपन्यांच्या हिशेबांतच आयुष्य काढावयाचें, असा मुलाचा निश्चयच असेल आणि घरास दोन वर्षांचा खर्च झेपत असेल, तर काकांचें म्हणणें आम्ही खोडणार नाहीं.

नुकतेंच त्यांचें पत्र आलें. मुलानें स्वतः पांच कचेऱ्या पाहिल्या. एके ठिकाणीं तेथल्या उमेदवारास त्यानें विचारलें, "तुमचा कागद कोण तपासतो ?" तो हंसून म्हणाला, "कागद कुठला ? हजेरीवर सही करतों आणि अभ्यासाला जातों." ती कचेरी त्यानें त्याच दिवशीं वगळली. अखेर छत्रपति संभाजीनगरांतील चार भागीदारांच्या पेढींत तो रुजू झाला आहे. काका अजून घुश्शांत आहेत. "दोन वर्षांनीं मुंबईच" असें रोज जेवतांना बजावतात. आईनें खानावळीची चौकशी केली आणि आठवड्यास एक डबा घनसावंगीहून एस.टी.नें पाठविण्याचें ठरविलें आहे.