चंद्र हरवतो शेवटच्या दीडशे मीटरांत

कोजागरीची रात्र. गच्चीवर ट्रायपॉड लावलेला, कठड्यावर मसाला दुधाचा पेला, आणि चंद्रावर लेन्स रोखली की नेमका ढग येतो. आपल्याकडे हे व्हायचंच. मुंबईतून मान्सून माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आणि २०२५ची कोजागरी होती ६ ऑक्टोबरला!

या ढगाचा हिशेब मांडला तर चीड जरा कमी होते. चंद्राचा प्रकाश सरासरी ३,८४,४०० किलोमीटर अंतर सव्वा सेकंदात कापून येतो. जवळजवळ सगळी वाट निर्वात, कुणी अडवणारं नाही. मग ढग लागतो. त्यातल्या थेंबाचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर, आणि दर घन सेंटिमीटरला असे शंभरेक थेंब. एवढ्या विरळ गर्दीतही प्रकाशकण सरासरी १६ मीटर जातो न जातो तोच थेंबावर आपटतो. असे दहा टप्पे, म्हणजे १६० मीटर जाडीचा ढग आला, की २२ हजारांत एखादाच कण न धडकता सरळ खाली पोचतो. चंद्राची तबकडी गायब.

आता त्या १६० मीटरांत पाणी किती? ढगाचा एक चौरस मीटरचा उभा स्तंभ घेतला तर जेमतेम ६७ ग्रॅम. कटिंग चहाएवढं! तेच पाणी तेवढ्याच काचेवर पसरलं, तर थर एक दशांश मिलिमीटरही भरणार नाही आणि पलीकडचा चंद्रावरचा ससा स्वच्छ दिसेल. करामत पाण्याची नाही, त्याचे १,६०० कोटी तुकडे झाले त्याची आहे. त्या तुकड्यांचा एकूण पृष्ठभाग २० चौरस मीटर, म्हणजे एका खोलीएवढा. थेंब प्रकाश गिळत नाहीत, फक्त भलतीकडे वळवतात. म्हणून चंद्र दिसेनासा होतो आणि ढग मात्र उजळतो.

कॅमेऱ्याची पंचाईत वेगळीच. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड, तोही जुन्या डांबरी रस्त्याइतका काळपट. पडलेल्या उजेडातला १२ टक्केच परत पाठवणारा. त्याला एफ/११, आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. रात्र आहे म्हणून शटर उघडं ठेवणाऱ्यांना पांढरी पुरी मिळते ती यामुळेच. पण चांदणं उन्हाच्या चार लाखांश. त्याच सेटिंगवर खालची झाडं टिपायची तर अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढ्यात चंद्र स्वतःच्या रुंदीच्या सोळा पट सरकलेला असेल. दोन्हींतला फरक दोन लाख पटींचा. उत्तम सेन्सर एका फोटोत झेपवतो १६ हजार पटींच्या आसपास. फोनबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्या मुख्य लेन्समागे चंद्राची प्रतिमा पडते सुमारे ०.०५ मिलिमीटरची, बारीकशा केसाच्या जाडीएवढी.

म्हणून माझं मत असं, की पातळ ढगाला शिव्या देऊ नयेत. पन्नासेक मीटरचा विरळ ढग चंद्राचा थेट उजेड विसाव्या हिश्श्यावर आणतो, स्वतः उजळतो, आणि ती अशक्य दरी थोडी बुजवतो. निरभ्र आकाशातला चंद्र सगळ्यांच्या फोटोत सारखाच दिसतो.

जाड ढग असेल तर भोकाची वाट पाहावी. डोक्यावरच्या, दीड किलोमीटर उंचीच्या ढगात जेमतेम १४ मीटरचं भोक अख्ख्या चंद्राला पुरतं. ते दुप्पट मोठं असेल आणि ढग ताशी ३६ किलोमीटरने जात असेल, तर पूर्ण चंद्र दिसेल फक्त दीड सेकंदभर. भोक उघडताक्षणी जो उजेड तुमच्या लेन्समध्ये शिरतो, तो चंद्रावरून निघाला तेव्हा मध्ये ढगच होता.

शटरला मात्र शंभरावा भागच हवा असतो. बोट बटणावरच ठेवा. दूध नंतर प्या.