फोटो दुकानात ठेवताय? आधी हिशोब मांडा

ताईंनो, आपल्यापैकी काहीजणी शेताचे, जत्रेचे, सणावारांचे छान फोटो काढतात. प्रिंट काढून, फ्रेम लावून ते संघाच्या कलावस्तू दुकानात विकता येतात. पण असं दुकान बहुधा माल विकत घेत नाही, विक्रीसाठी ठेवून घेतं. विकला तरच पैसे, आणि त्यातूनही दुकानखर्चाचं कमिशन कापलं जातं.

समजा, प्रिंटला १२० आणि फ्रेमला १८०, असे ३०० रुपये लागले. कमिशन २० टक्के. किंमत ३५० ठेवली, तर ७० कापून हातात २८० येतील. म्हणजे २० रुपये पदरचेच गेले! ५०० ठेवली, तर ४०० येतील; १०० रुपये तुमच्या मेहनतीचे.

फोटो देताना नग, किंमत, कमिशन लिहिलेली सहीची पावती घ्या. काच फुटली, फोटो भिजला तर भरपाई कोण देणार, तेही लिहून घ्या. फोटोत कुणाचा चेहरा असेल, तर आधी त्यांना विचारा.

आणखी एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, स्वतःहून काढलेल्या फोटोची प्रिंट विकली तरी त्यावरचा हक्क तुमचाच राहतो. कॅलेंडरसाठी कुणी तो मागितला, तर वेगळे पैसे ठरवा, तेही लेखी. मात्र पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या फोटोंचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. ते फोटो दुकानात ठेवू नका.