सुगडांचा आवा आणि राका कुंभार

संक्रांतीच्या सकाळी सुगडे पाटावर मांडण्यापूर्वी घरातील वडीलधारी स्त्री प्रत्येक सुगड बोटाच्या पेराने वाजवून पाहते. खणखणीत नाद उमटला तर ते पक्के. बद्द आवाज आला तर कोठे तरी तडा असावयाचा. आमच्या आजीचा ह्या बाबतीत कटाक्ष एवढा, की बाजारात कुंभारीण हसून म्हणे, “आजी, देवापुढे मांडायचंय, की गाणं बसवायचंय?” मग सुगडात हरभरा, बोरे, गाजर, उसाचे करवे आणि तिळगूळ भरला जाई, हळदीकुंकू वाहिले जाई आणि कुंभाराचे घर विस्मृतीत जाई.

‘सुगड’ म्हणजे ‘सुघट’, चांगला घडविलेला घट. रायगडच्या किनाऱ्यावर हा घट चांगला घडविणे सोपे नाही. घट घडविण्याची विद्या येथे जुनी आहे. चौलचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथात ‘सेमिल्ला’ ह्या नावाने येतो आणि तेथील उत्खननात सातवाहनकाळापर्यंत मागे जाणारे अवशेष मिळाले आहेत. परंतु समुद्राकाठी माती निवडण्यातच कुंभाराची अर्धी विद्या खर्ची पडते. खारजमिनीतील मातीत मीठ असते. भांडे सुकले की त्यावर पांढरा थर चढतो. त्याहून वाईट शिंपल्याचा कण. आगीत त्याचा चुना होतो, तो पुढे हवेतील दमटपणा शोषून फुगतो आणि धड दिसणाऱ्या मडक्याची खपली अचानक उडते. म्हणून माती वाळवावयाची, कुटावयाची, चाळावयाची, भिजवावयाची आणि पायांनी तुडवावयाची. तुडविताना तळपायाला बारीकसा खडा लागला, तरी तो थांबून वेचला जातो.

चाकावर मातीचा एक मोठा गोळा चढवून त्यातून एकामागून एक सुगडे उतरतात. अंगठा आत, बोटे बाहेर, दोऱ्याने बूड कापले की झाले! पाहणाऱ्यास हा खेळ वाटतो. पण गळ्यापाशी किंचित आत वळून ओठाशी पुन्हा उमलणारा तो घाट कोणी शिकविला, असे कुंभारास विचारावे, तर तो बहुधा वडिलांचे नाव घेतो, नाहीतर नुसते हात पुढे करतो. चाक आता बहुतेक ठिकाणी विजेवर फिरते. हातांना मात्र बदली मिळालेली नाही.

आणि ह्या अंगणात माणसे एकटी नसतात. ओल्या सुगडांच्या रांगांमधून कोंबड्या हिंडतात, त्यांना हाकण्याचे काम पोरांकडे. मांजरीला तर कुंभारवाड्यासारखे दुसरे माहेर नाही. आव्यासाठी आणून टाकलेला भाताचा पेंढा, नारळाची सोडणे, वाळल्या झावळ्या. थंडीत ऊब हवी असलेल्या जिवाला आणखी काय पाहिजे? मांजरीण पिलांना सात घरे फिरविते म्हणतात. त्यांतले एखादे घर म्हणजे रिकामे मडके असले, तर नवल नाही.

कुंभारांच्या कथांत गोरोबाकाकांची कथा आपण अधिक ऐकतो. नामात दंग होऊन माती तुडविताना पायांखाली आलेले मूल त्यांना दिसले नाही. संक्रांतीची सुगडे पाहिली की मला मात्र पंढरपूरचा राका कुंभार आठवतो. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त त्याचे चरित्र आहे. एका कच्च्या मडक्यात मांजरीने पिले घातली होती. ते ध्यानी न येता मडके आव्यात रचले गेले आणि आग लागली. मांजरी आक्रोश करीत भोवती फिरू लागली, तेव्हा राकाच्या काळजात चर्र झाले. पेटलेला आवा विझविता येत नाही. त्याने पांडुरंगाचा धावा केला: पिले वाचली, तर घरदार लुटवीन!

आवा निवला. पिले जिवंत निघाली. राका आणि त्याची पत्नी बांका ह्यांनी होते नव्हते ते वाटून टाकले आणि रानातील वाळली काटकी वेचून निर्वाह आरंभिला. ज्याच्या घरात एका आव्यावर हंगामाची कमाई अवलंबून असते, त्याच्या तोंडी हा नवस केवढा आहे! देवाने पिले राखली ह्या चमत्काराने आपण हात जोडतो. मला त्याआधीचा क्षण अधिक मोठा वाटतो. मांजरीचे ओरडणे ऐकून कानांवर हात ठेवणे त्याला सहज शक्य होते.

सुगडांचा आवा रचताना तळाशी गोवऱ्या आणि लाकूड, वर सुगडे, त्यांवर पेंढा आणि मातीचा लेप. हवा खेळती राहिली तर माती तांबडी होते. धूर आत कोंडला तर तीच माती काळी. आपल्या पाटावर काळे सुगड आले की तांबडे, ते त्या रात्री ठरलेले असते. अवेळी पावसाची सर आली, तर काहीच ठरत नाही. सारा माल मातीत जातो. म्हणूनच सुगडे बाजारात पोहोचेपर्यंत कुंभाराच्या घरी संक्रांतीचा तीळ गोड लागत नाही.

कथेतले ते एक मडके कच्चेच राहिले होते, असे कीर्तनकार सांगतात. वाजविले असते, तर बद्द वाजले असते. आजीने ते निश्चित परत केले असते.

अलिबाग-चौलकडे सुगडे घ्याल, तेव्हा भाव करताना थोडा हात आखडता घ्यावा. कुंभारीण सुटे पैसे शोधीत असेल, आणि मागे घरी निवलेल्या आव्याच्या कोमट राखेत मांजर अंग मुडपून झोपलेले असेल.